माल: रेडा, नग: एक

"काका, ही निकिता कोण?"

रोहितने खुर्चीतून न उठता, मान न वळवता, हॉलभर ऐकू जाईल असा आवाज टाकला आणि बहिरूच्या कपातला चहा बशीत आला. शनिवारची सकाळ, साडेदहा वाजलेले, अंबडच्या एमआयडीसीतला वरचा मजला. खाली वर्कशॉपमधे ग्राइंडर किंचाळतोय आणि वर अकरा माणसं आपापल्या कॉम्प्युटरच्या डबड्यात डोकी घालून बसलेली. त्यातल्या आठांनी हे नाव जन्मात ऐकलेलं नव्हतं, त्यांच्या माना खालीच राहिल्या. टेस्टिंगवाली शुभांगी मात्र एकदम वळली. बहिरूला वाटलं, कोणीतरी मागून येऊन आपल्या कानशिलावर ओला पंजा ठेवलाय. सात वर्षं हे नाव तो रोज बघत होता. सकाळी मशीन चालू केलं की लॉगिनच्या चौकोनात पहिलं हेच टाकायचं, मग काम. डोळ्यांना सवय, बोटांना सवय. कानाला नव्हती. ह्या हॉलमधे, ह्या पंख्यांखाली, अठ्ठ्याण्णवच्या जूननंतर ते नाव कोणी तोंडाने उच्चारलेलंच नव्हतं. आणि आज उच्चारलं तर कोणी, ह्या दीडशहाण्याने. पुण्याला दोन वर्षं काय राहून आला, कमरेला मोबाइल काय लटकवला, स्वतः अठ्ठावीसचा आणि चव्वेचाळीसच्या माणसाला काका म्हणतो. बहिरू केस काळे करत होता ते काय ह्याच्याकडून काका ऐकायला?

"कोण म्हणजे?" बहिरू म्हणाला. "मीच."

आता हॉल हसला. आठच्या आठ हसले. बहिरूचं हे असंच असतं, हे त्यांना ठाऊक होतं. गेल्या महिन्यात रोहितच्या माउसचा गोळा काढून त्याने आत बोर घातलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात रोहितच्या स्क्रीनचा फोटो काढून तोच वॉलपेपर म्हणून मागे चिकटवला आणि खरे आयकॉन लपवून ठेवले, हा पठ्ठ्या पाऊण तास फोटोवर क्लिक करत बसला होता. अशी पाऊण तासाची सुखं बहिरूने आयुष्यात पुष्कळ मिळवली होती. सापडला तर म्हणायचं, गंमत केली यार. चाळीस वर्षं ह्या एका शब्दावर तो सुटत आला होता. शाळेत मास्तरच्या खुर्चीखाली लवंगी लावली तेव्हा सुटला. मखमलाबादच्या मळ्यातून आई चतुराबाई फुलबाजारात झेंडू घेऊन जायची, तिच्या पाटीत त्याने एकदा तळाला गवत भरलं होतं. आईने गिऱ्हाइकासमोर पाटी उपडी केली, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, घरी येऊन तिने त्याला बडवायला लाकूड उचललं, आणि तो म्हणाला गंमत केली, तशी ती रडता रडता हसली. तेव्हापासून त्याला कळलं होतं की माणूस हसला की हिशोब मिटतो.

"नाही काका, सिरियसली," रोहित म्हणाला. तो हसला नव्हता. "तीन हजार आठशे चाळीस नोंदी आहेत हिच्या नावावर. अख्ख्या कंपनीत एवढ्या कोणाच्या नाहीत. निम्मं सॉफ्टवेअर ह्या बाईने लिहिलंय आणि ही बाई पगारपत्रकात नाही."

तोलामोल सिस्टिम्स भुईकाट्याचं सॉफ्टवेअर बनवायची. ट्रक काट्यावर चढला की वजन पडद्यावर येतं, पावती छापली जाते, तेवढंच. पण त्या तेवढ्याचं पोट केवढं मोठं असतं ते बनवणाऱ्याला माहीत. आणि त्या कोडमधे कोणी काय बदललं, कधी, कशासाठी, ह्याची नोंद ठेवणारी एक जुनी सिस्टिम होती. सरकारी कचेरीतल्या आवकजावक रजिस्टरसारखी, फक्त ह्यात खाडाखोड करता येत नाही. ती आता बंद करायची होती आणि सगळं कोड, सगळ्या नोंदींसकट, नव्या सिस्टिममधे न्यायचं होतं. ह्या कामासाठीच रोहितला आणलं होतं. मुंबईची एक कंपनी मालक देवरामशेठच्या धंद्यात निम्मी भागीदारी घेणार होती. त्यांची अट एवढीच, की नोंदी नव्या सिस्टिममधे आणा, खऱ्या नावांनी आणा, आणि मग ज्याचं काम दिसेल त्याला आम्ही ठेवू. अकरातले सात राहणार. देवरामशेठ दसऱ्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मला कोणाचं तोंड बघायचं नाय. मशीन सांगंल कोणाचं काम, तो राहील." तेव्हापासून हॉलमधे कोणी कोणाचा डबा खात नव्हतं. आणि मशीन सांगत होतं की बहिरू खैरे नावाच्या माणसाने ह्या कंपनीत सात वर्षांत काडीचं काम केलेलं नाही.

"अरे, लायसन पाचच होते," बहिरूने बशीतला चहा कपात ओतला. हात स्थिर होता, त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. "शेठने पाच विकत घेतले आणि माणसं झाली सात. निकिता म्हणून एक पोरगी होती, ती सोडून गेली. शेठ म्हणला, तिचं नाव रिकामंय, तूच वापर. नाव बदलायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो पासवर्ड ज्याला माहीत होता तो दुबईला गेला. मग सात वर्षं मी बाईमाणूस."

पुन्हा हशा. बहिरूला जरा बरं वाटलं. ही गोष्ट त्याने घरी बायकोलाही सांगितली होती, तेव्हा ती अशी हसली नव्हती. भाग्यश्रीला त्याच्या डायरीत पहिल्या पानावर निकिता आणि खाली तेच नाव पुन्हा, असं लिहिलेलं सापडलं. नाव आणि पासवर्ड एकच होतं, म्हणून दोनदा. भाग्यश्रीने तीन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. चौथ्या दिवशी विचारलं, ही कोण. मीच, तो म्हणाला. समजावून सांगितल्यावर तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ती पोरगी कुठे गेली?" बायका हसत नाहीत आणि नेमकं भलतंच विचारतात.

"म्हणजे एका नावात दोन माणसं," रोहित म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद, आणि बहिरूला तो आनंद टोचला. "काही प्रॉब्लेम नाही. एक तारीख द्या. त्या तारखेच्या आधीचं सगळं निकिता, नंतरचं सगळं तुम्ही. एकदा नव्या सिस्टिममधे गेलं की मग कायमचं."

"आठ जून अठ्ठ्याण्णव," बहिरू म्हणाला.

फार पटकन म्हणाला. शब्द तोंडातून सुटला आणि त्याला कळलं. विचार केल्यासारखं करायला हवं होतं, छताकडे बघायला हवं होतं, जून होता का जुलै बुवा, असं काहीतरी.

"सात वर्षांपूर्वीची तारीख लक्षात आहे?" शुभांगीने विचारलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या कीबोर्डवरची धूळ फुंकत होती.

"बायकोचा वाढदिवस असतो."

"भाग्यश्रीवहिनींचा? त्यांचा संक्रांतीला असतो ना? आम्ही तिळगूळ खायला आलो होतो की."

"तो तिथीने," बहिरू म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. शुभांगी नाही हसली. ती म्हणाली, "मी निकितालाच विचारते. इगतपुरीला असते ती, मिस्टर रेल्वेत आहेत. नंबर आहे माझ्याकडे."

"कशाला तिला त्रास? संसारात असंल बिचारी."

"त्रास कसला बहिरूभाऊ. एक तारीख तर विचारायची." आणि ती मोबाइल घेऊन बाहेर जिन्यात गेली, आत रेंज येत नव्हती म्हणून. काचेच्या दारापलीकडे तिची पाठ दिसत राहिली. ओढणी, वेणी, कानाला लावलेला हात. बहिरू त्या पाठीकडे बघत बसला.

त्या दिवशीही शनिवार होता. सहा जून. अर्धा दिवस झाला की वरचा मजला रिकामा व्हायचा. बहिरू तेव्हा वरचा नव्हताच, खालचा होता. वर्कशॉपमधे वायरी जोडायचा, डाग द्यायचा, काट्याखालचे वजन मोजणारे सेल बसवायचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वय सदतीस, बोटांची टोकं डाग देणाऱ्या सळईने भाजून भाजून बोथट झालेली. वरची पोरं म्हणजे सॉफ्टवेअर. त्यांना पंखा, त्यांना गादीची खुर्ची. त्यांच्या चहाला वेलदोडा. आणि त्यांच्यात ही निकिता, तेवीस वर्षांची, दोन वर्षांत शेठची लाडकी. तिने काही केलं नव्हतं तसं. एकदा फक्त एका काट्याचा आकडा नाचत होता, पाच किलो इकडे पाच किलो तिकडे, आणि बहिरू शेठसमोर छाती काढून म्हणाला, सॉफ्टवेअरात गडबड आहे, माझं काम चोख आहे. ती शांतपणे खाली आली, एक वायर धरून हलवली, आकडा नाचला. सोडली, थांबला. "बहिरूभाऊ, तुम्ही वायर बघा, आकडे मी बघते." एवढंच. कोणी मोठ्याने हसलंसुद्धा नाही. ती चुकीची असती तर तो विसरला असता. ती बरोबर होती, हे तो वर्षभर रोज रात्रीच्या जेवणाबरोबर चावत राहिला. मग त्याने ठरवलं की आकडे आपणही बघायचे. ती डबा खायला गेली की तिच्या टेबलावरची पुस्तकं चाळायची. जे कळेल ते हातावर लिहायचं, घरी उतरवायचं. हे खरं तर चांगलंच होतं. इथपर्यंत तो चांगलाच माणूस होता, हे त्याला आजही शपथेवर सांगता आलं असतं. पण शिकलेल्या गोष्टीचं करायचं काय? दुसऱ्या कोणी त्याचं काहीतरी उपयोगी केलं असतं. बहिरूला पहिली सुचली ती गंमत.

भुईकाटा बघायला आलेला माणूस काय करतो हे त्याला पक्कं माहीत होतं. कलेक्टर असो की हमाल, तो आधी स्वतः काट्यावर चढतो. चाळीस टनाचा काटा आणि त्यावर मधोमध उभा एकटा माणूस, हसत, पोट आत ओढत, आपले किती भरतात ते बघायला. येत्या सोमवारी एका साखर कारखान्याचे चेअरमन येणार होते, त्यांचं पोट कितीही ओढलं तरी आत जाईल असं नव्हतं. तर बहिरूने अशी युक्ती केली, की काट्यावर गाडीचा नंबर नाही, वजन दीडशे किलोच्या आत, अशी पहिली पावती निघाली की माल ह्या रकान्यापुढे एक शब्द छापला जावा. एकदाच. पुन्हा कधीच नाही, म्हणजे कोणी तपासायला गेलं तर काही सापडू नये. पण तो शब्द इंग्रजीत छापण्यात काय मजा? पावती अख्खी इंग्रजीत असायची, प्रिंटरला मराठी येतच नव्हतं. नऊ सुयांचा खडखड्या प्रिंटर. बहिरूने पोराची गणिताची चौकटीची वही घेतली आणि पंधरा संध्याकाळी एकेक चौकट काळी करत अक्षरं काढली. कुठली सुई कधी टोचणार त्याचे आकडे मांडले. शिरोरेघ वरच्या फेरीत, अक्षराचं अंग खालच्या फेरीत, आणि दोन्ही फेऱ्यांच्या मधे केसाइतकी फट राहायची ती घालवण्यात पाच संध्याकाळी गेल्या. शेवटी रेघ जुळली. रेडा. इतकं सुंदर अक्षर त्याने कधी हाताने काढलं नव्हतं. शनिवारी दुपारी तीन वाजता तो वर गेला. तिच्या खुर्चीत बसला तेव्हा उशी खाली दबली आणि फुस्स आवाज झाला, कीबोर्डच्या फटीत चिवड्यातला शेंगदाणा अडकलेला. त्याच्या मेलेल्या बोटांना बटणं लोण्यासारखी लागली. स्वतःचं नाव तर त्या सिस्टिममधे नव्हतंच, तो खालचा माणूस. तिचं होतं, आणि पासवर्ड काय तो सगळ्या मजल्याला पाठ. अकरा ओळी घातल्या. नोंदीत कारण लिहिलं, वजनाचं राउंडिंग सुधारलं. तेव्हा त्याला वाटलं होतं की सोमवारी अख्खी कंपनी हसेल, चेअरमनही हसतील, मग विचारतील कोणी केलं, आणि तो हात वर करेल.

चेअरमन हसले नाहीत. पावती त्यांच्या पीएने मोठ्याने वाचली, माल रेडा, नग एक, वजन एकशे पंधरा, आणि एक ड्रायव्हर मागून म्हणाला, "एवढुसा? मंग रेडकू म्हना." चेअरमन गाडीत बसले, ऑर्डर गेली. देवरामशेठचा चेहरा बहिरूने तसा कधी बघितला नव्हता, आणि ज्या हाताने कबूल व्हायचं होतं त्या हातात त्याने पाना धरला. रजिस्टर उघडलं. निकिता, सहा जून, तीन वाजून पंधरा मिनिटं. ती म्हणाली, मी शनिवारी ओझरला होते, मावसबहिणीचा साखरपुडा होता, शंभर माणसांनी बघितलंय मला. शेठ म्हणाले, नाव तुझं, पासवर्ड तुझा, शंभर माणसं काय करतील. मग तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्यांच्या, क्रमाने, सारखाच वेळ. बहिरूची पाळी आली तेव्हा तो काट्याचा एक आधीच घट्ट असलेला बोल्ट आवळत होता. त्याच्याकडेही तेवढाच वेळ बघितलं, जास्त नाही, कमी नाही, आणि हेच त्याला सात वर्षं कळलं नव्हतं. ओळखलं म्हणून की ओळखलं नाही म्हणून? जाताना तिची लूना सुरू होईना. बहिरूनेच किक मारून दिली. "थँक्यू बहिरूभाऊ," ती म्हणाली. तेही तसंच. साधं.

दोन महिन्यांनी तो शेठकडे गेला आणि म्हणाला, मी पावती मराठीत छापून दाखवू का? त्याच वहीतून. रेड्याची पावती चेअरमनबरोबरच गेली होती, अक्षरं ताडून बघायला कोणाकडे काही नव्हतं. र होता, ड होता, काना, मात्रा होती, त्यातून बाकीची बाराखडी काढायला वर्ष लागलं. र ला रेघ जोडली, ड चं पोट कापलं. सगळी अक्षरं त्या दोन अक्षरांची पिल्लं. मग मराठी पावतीवर तोलामोल चाललं, बाजार समित्या, कांद्याच्या चाळी, द्राक्षाचे शीतगृहवाले, सगळे तीच मागायचे. बहिरू वर आला, गादीची खुर्ची मिळाली. तीच खुर्ची.

काचेचं दार ढकलून शुभांगी आत आली.

"चार जून," ती म्हणाली. "गुरुवार. सकाळी अकरा चाळीस. ती म्हणाली, ती माझी शेवटची नोंद, त्यानंतरचं एक अक्षर माझं नाही. लिहून घे म्हणाली. दोनदा म्हणाली."

"वेळसुद्धा?" रोहित म्हणाला. "इथे सगळ्यांना तारखा पाठ आहेत, भारी आहे. काका आठ म्हणतात, त्या चार म्हणतात." त्याची बोटं चालली. "मधे एकच नोंद आहे. सहा जून. ही कोणाची?"

"तिचीच असणार," बहिरू म्हणाला. "विसरली असंल. काय फरक पडतो एका नोंदीने? टाक तिच्या नावावर आणि पुढं हो."

आणि खरंच फरक पडत नव्हता. तीन हजारावर नोंदी त्याच्या होणार होत्या. सातांत पहिलं नाव त्याचंच लागणार होतं. एक नोंद, ओझरच्या साखरपुड्याच्या दिवशीची, ती गेली काय आणि राहिली काय. तिला इगतपुरीत कोण विचारणार होतं?

"बघून तर घेऊ," रोहित म्हणाला आणि नोंद उघडली. तेवढ्यात देवरामशेठ हातात कपबशी घेऊन वर आले. शनिवारी ते असे यायचे, पुढच्या पोरांच्या मागे उभे राहून काही न कळता पडद्याकडे बघायचे. आजही रोहितच्या मागे येऊन थांबले.

"राउंडिंग सुधारलं म्हणे," रोहित पुटपुटला. "राउंडिंग कुठे आहे ह्यात? अकरा ओळी. हे काय आकड्यांचं टेबल आहे?" तो पुढे वाकला. मग त्याने ते आकडे उचलून दुसऱ्या एका छोट्या खिडकीत टाकले, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं एक अक्षर उभं राहिलं, मग दुसरं. वरची रेघ कुठेही न तुटलेली.

"रेडा!" रोहित ओरडला. "अरे, रेडा लिहिलंय! माणूस काट्यावर चढला की छापतं. आणि एकदाच, मग स्वतःच गप्प होतं. आईशप्पथ." आता तो हसत होता, पहिल्यांदाच, खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आठही जण उठून आले. "थांबा, थांबा. हे टेबल मी बघितलंय. आपल्या मराठी पावतीचा फाँट ना, तो ह्याच्यापासूनच सुरू होतो. हेच र, हेच ड. नऊ सुयांवर दोन फेऱ्यांत शिरोरेघ जुळवलीय, अठ्ठ्याण्णव साली! म्हणजे अख्खा फाँट मुळात ह्या निकिताचा. काय डोकं असेल बाईचं!"

"तिचा?" देवरामशेठ म्हणाले. कप बशीत हलला. "मी तिला काढलं रे ह्याच्यापायी. तेव्हा नाय कळलं. म्हणजे जिच्यावर आपन सात वर्षं खाल्लं ती पोरगी..." ते शुभांगीकडे वळले. "शुभांगी, तिला बोलव सोमवारी. मुंबईवाल्यांच्या समोर बसव. फाँट तिने केला म्हनून सांगू."

बहिरू खुर्चीतून उठला. भीती नव्हती ती. भीती त्याला ओळखता यायची, ती गार असते. हे गरम होतं. पंधरा संध्याकाळी. पाच संध्याकाळी नुसत्या त्या फटीसाठी, केसाएवढ्या फटीसाठी, डोळे चुरचुरेपर्यंत, पोराला वही परत द्यायची म्हणून मागच्या पानावर. आणि रोहित, हे माकड, पडद्यावर बोट ठेवून त्या न तुटलेल्या रेघेवरून हळूच फिरवत होता, जसं बहिरूने एकदा पहिल्या पावतीवरून फिरवलं होतं. ज्याने त्याचा एकही विनोद आजवर विनोद म्हणून घेतला नाही, तो हसून हसून लाल झाला होता. आठ जण हसत होते. सात वर्षांपूर्वी अख्खी कंपनी हसायला हवी होती ती आत्ता हसत होती, उशिरा, पण नेमकी तशीच, आणि दुसऱ्याच कोणासाठी. एक जण म्हणाला, "ह्या बाईला भेटायला पाहिजे राव, नंबर एक नग आहे." "बाई असून असला पांचटपणा," दुसरा म्हणाला, "मानलं."

"बाई कुठली?" बहिरू म्हणाला. "तिला शिरोरेघ तरी जुळवता आली असती का? दोन वर्षं नुसते आकडे बघत बसली. मी केलंय ते. मी. हाताने काढलंय, चौकटीच्या वहीत."

हसणं एकदम थांबलं नाही. आधी पुढच्यांचं थांबलं, मग मागच्यांचं. त्याला वाटलं ते कौतुकाने थांबले, आणि तो अर्धं वाक्य पुढे गेलासुद्धा, "शनिवारी दुपारी येऊन बसलो, तिच्याच खुर्चीत, कोणाला पत्ता..." आणि मग त्याला शुभांगी दिसली. ती इतरांपेक्षा आधीपासून हसत नव्हती. तिने मोबाइल कानाला लावलेला नव्हता, हातात धरलेला होता, आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ घट्ट पकडली होती.

"तिच्या आईने तिला वर्षभर घराबाहेर पाठवलं नाही," शुभांगी म्हणाली. "नोकरीवरून काढलेली पोरगी म्हणून. दोन ठिकाणची स्थळं मोडली. तुम्ही तिची लूना सुरू करून दिली होती, बहिरूभाऊ. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, एवढा एकच माणूस आहे इथे."

एक वाट अजून उघडी होती. म्हणायचं, अरे गंमत केली, तुमची तोंडं बघायची होती, माझं कसलं ते, तिचंच आहे. ओठ त्या शब्दासाठी वळलेसुद्धा. पण पडद्यावर ते अक्षर पांढरं लखलखीत उभं होतं आणि ते सोडून देणं त्याला जमेना. आईने लाकूड उचललं असतानाही इतकं कठीण काही वाटलं नव्हतं.

देवरामशेठने कपबशी रोहितच्या टेबलावर ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही. "रोहित, सगळं नव्या सिस्टिममधे आलं का रे?"

"आलंच सर. तासाभरात पूर्ण."

"फाँट?"

"तोही."

"ह्याच्या डोक्यात काय राह्यलं नाय ना, जे आपल्याकडं नाय?"

रोहितने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा बहिरूकडे. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती, द्वेषही नव्हता, नुसता उलगडा होता. "नाही सर. सगळं आहे."

"मंग सोमवारपासून ह्याला गेटच्या आत घिऊ नका. आन् त्या पोरीला मी सोता फोन करतो." शेठ वळले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज उतरत गेला. आठ जण आपापल्या जागी परतले, एकेकाने खुर्ची ओढली. बहिरू उभाच होता, कुठल्या खुर्चीकडे जायचं ते त्याला उमगत नव्हतं.

"काका," रोहित म्हणाला. कर्सर लुकलुकत होता. "तारीख चार जून टाकतो. नंतरचं सगळं तुमच्या नावावर. नव्या सिस्टिममधे पूर्ण नाव लागतं, आणि एकदा टाकलं की बदलत नाही. स्पेलिंग सांगा."

बहिरूने सांगितलं. एकेक अक्षर, मोठ्याने, थुंकल्यासारखं, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जावं असं.

"पहिल्या नावाच्या शेवटी यू एकच, की डबल ओ?"

"यू," बहिरू म्हणाला. "एकच."